लाल रेघेच्या अलीकडे

माझ्या आयुष्यातलं प्रेम मला रस्ता संपल्यामुळे भेटलं. हे मी कवितेतल्यासारखं बोलत नाही. रस्ता खरंच संपला होता.

फिरत्या वाचनालयाची गाडी माझ्याकडे नुकतीच आली होती. आधीचा ड्रायव्हर निवृत्त होताना सांगून गेला होता, "मार्सथॉर्पला शेवटच्या घरापुढं मोकळी जागा आहे, तिथं वळव." मी शेवटच्या घरापुढं आले आणि बघते तर काय... जागा नाही! डांबराची एक जीभ हवेत बाहेर आलेली, तिच्याखाली तांबूस चिखलाचा कडा, आणि कड्याखाली राखाडी समुद्र, जेवण झालेल्या म्हाताऱ्यासारखा सावकाश चघळत बसलेला. इंग्लंडच्या या आमच्या पूर्व किनाऱ्याला दगड नाही, नुसती माती. समुद्र शेतं खातो, कुंपणं खातो, कधी चर्च खातो. मी हल शहरातली. हे सगळं ऐकून होते. पण ऐकणं वेगळं, आणि आपल्याच गाडीच्या पुढच्या चाकांसमोर बघणं वेगळं.

भुरभुर पाऊस चालू होता. मी गाडी तिथंच ठेवून शेवटच्या घराचं दार वाजवलं.

"उघडंच आहे," आतून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला. "चोर असलात तर पाय पुसून या."

मी पाय पुसले.

आत एक लांबोळा बोळ होता. भिंतीला उभ्या पट्ट्यांचा कागद, आणि त्या कागदावर घड्याळंच घड्याळं. जुनी, गोल, पांढऱ्या तबकडीची, शाळेत आणि स्टेशनात असतात तशी. पण त्यांतली पुष्कळशी माझ्या पणजोबांच्याही आधीची वाटत होती. सगळी चालू होती. टिनाच्या पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज... आणि दारासमोरचं, सगळ्यांत मोठं घड्याळ वाकडं लागलेलं.

मला वाकडं बघवत नाही. वाचनालयातल्या बायकांचा हा आजारच असतो. मी हात वर केला आणि ते कागदाच्या पट्टीशी नीट जुळवून सरळ केलं.

ते लंगडायला लागलं. टिक-टॉक... टिक-टॉक... टिक. आणि थांबलं.

मागच्या खोलीतून धावती पावलं आली. बाह्या दुमडलेल्या, हातात तेलाचं फडकं, केसांत लाकडाचा भुसा, असा एक उंच माणूस दारात उभा राहिला. इतक्या आवाजांतून एक आवाज कमी झालेला त्याला आत ऐकू गेला होता.

"कुणी हात लावला?"

"मी. वाकडं होतं ते."

"घड्याळ सरळ होतं," तो म्हणाला. "घर वाकडं आहे."

मला वाटलं, चेष्टा करतोय. त्यानं खिशातून दोरा काढला, दोऱ्याला किल्ली बांधली आणि माझ्यासमोर धरला. किल्ली स्थिरावली. मग त्यानं दोरा भिंतीच्या पट्टीजवळ नेला... पट्टी एकीकडे, दोरा दुसरीकडे. घर समुद्राच्या बाजूला झुकलं होतं. कागद, दारं, चौकटी सगळे मिळून झुकले होते, म्हणून कुणालाच काही वाटत नव्हतं. एकटं घड्याळ खिळ्यावर ओळंब्यात लटकलेलं. त्या घरात तेवढंच खरं बोलत होतं, म्हणून वाकडं दिसत होतं.

"येणारा प्रत्येक जण ते सरळ करतो," तो म्हणाला. "पाद्री, पोस्टमन, डॉक्टर. तुम्ही कोण?"

"वाचनालय."

"क्लेमंट!" आतून आवाज आला. "वाचनालय असेल तर प्रेमाच्या गोष्टी आहेत का विचार. खुनाच्या नकोत. खून झाल्यावर लोक फार बोलतात."

त्या दिवशी त्यानं मला गाडी त्यांच्या अंगणात वळवायला लावली. पावसात पाठीमागं चालत, दोन्ही हात हलवत, "या... या... अजून या... बास!" आरशात मला तो एवढासा दिसत होता, भिजलेला, गंभीर. मी गाडीकडं कमी आणि आरशाकडं जास्त बघत होते, हे मला गाडी वळल्यावर कळलं.

*

त्यानंतर दर दुसऱ्या बुधवारी मी मार्सथॉर्पला जात होते. गावात वाचक म्हणाल तर थोडे, आणि शेवटच्या घरात एकच: क्लेमंटची आई, मिसेस ब्लेंकिन. त्यांना पाय नव्हते म्हटलं तरी चालेल, खुर्ची आणि पलंग एवढंच चालणं. मी पुस्तकं आत नेऊन देत असे, त्या आल्याचा केक पुढं करत, आणि क्लेमंट काही कारण काढून तिथंच घोटाळत राही. कारण नेहमी घड्याळाचं असे.

"मिस ड्रूरी, तबकडीवरचं नाव वाचा बघू."

"लंडनच्या कुणा कारागिराचं आहे."

"म्हणजे यानं केलं?"

"लिहिलंय की."

"लिहिलंय म्हणून!" त्याला हसू आवरेना. "बहुतेक वेळा ते विकणाऱ्या दुकानदाराचं नाव असतं. आणि हे तर दुकानदाराचंही नाही. अक्षरं बघा, किती काळी कुळकुळीत आहेत. रंगाला तडे गेलेत, पण तडे अक्षरांच्या खालून जातात. वरून नाही. म्हणजे तडे जुने, नाव नवं. कुणीतरी गेल्या दहा-वीस वर्षांत लिहिलंय, भाव वाढावा म्हणून."

"मग घेतलं कशाला?"

"घड्याळाचा काय दोष त्यात?" मग त्याचा चेहरा एकदम बदलला. "ज्यानं घड्याळाच्या तोंडी खोटं घातलं ना, त्याच्या हाताला हात लावणार नाही मी. लोक त्या तोंडाकडं बघून आपला दिवस ठरवतात हो."

असं एखादं वाक्य तो सहज बोलून जाई. मी ते गाडी चालवताना पुन्हा पुन्हा आठवत असे.

त्यानं मला तोंडावर न जाता पाठ बघायला शिकवलं. गोल चौकट मागच्या पेटीला लाकडी खुंट्यांनी जोडलेली आहे का. पेटीचा तळ सपाट, मिठाच्या डब्यासारखा, म्हणजे जुनं. तळ गोलसर आणि त्याला दार, तर नंतरचं. तबकडी फुगीर की चपटी. आत स्प्रिंगच्या शेजारी एक खाचांचा शंकू, त्याच्यावर आतड्याची दोरी गुंडाळलेली की बारीक साखळी.

"हा शंकू कशाला?" मी विचारलं.

"स्प्रिंगला नव्यानं किल्ली दिली की ती भलत्या उत्साहात ओढते. आठवडा संपत आला की दमते. हा शंकू सांभाळून घेतो. जोर जास्त असतो तेव्हा कमी घेतो, जोर कमी असतो तेव्हा जास्त देतो. म्हणून पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी ओढ सारखीच."

"माणसांत बसवता येतो का हो असा?"

तो लाल झाला. अगदी कानापर्यंत.

"पोरीनं प्रश्न विचारलाय," मिसेस ब्लेंकिन पलंगावरून म्हणाल्या. "बापाला तुझ्या मी हेच विचारायला हवं होतं."

मग मी माझा खेळ सुरू केला. वाटेत माझे बरेच थांबे होते, शाळा, प्रार्थनाघरं, दारूचे गुत्ते. आणि या देशात असं सार्वजनिक ठिकाण सापडणार नाही जिथं धूळ खात एक गोल घड्याळ नाही. मी ते बघून येई आणि त्याला नाव, गाव न सांगता ओळखायला लावी.

"फुगीर तबकडी."

"काच?"

"तीही फुगीर. पितळी कडा, बारीक."

"काटे?"

"निळसर. टोकाजवळ बदामाचा आकार आहे."

"बदाम..." तो डोळे मिटून म्हणाला. "पेटीचा तळ?"

"शिडी मागितली तर पाद्र्यानं विचारलं, 'घड्याळात देव शोधताय का?' मी म्हटलं, 'नाही, खुंट्या.' चार लाकडी खुंट्या आहेत. तळ सपाट. आणि मी ते खिळ्यावरून उतरवून पाठसुद्धा बघितली. आत आतड्याची दोरी."

त्यानं डोळे उघडले. "तुम्ही शिडीवर चढून घड्याळ उतरवलंत?"

"पाद्र्यानं शिडी धरली होती. डोळे मिटून. सभ्य माणूस आहे."

तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. आणि हसता हसता त्यानं माझा हात धरला. मग आपण काय धरलंय हे त्याला दिसलं... पण सोडला नाही. मीही काही घाई केली नाही.

"दीडशे वर्षांचं तरी असेल," तो माझ्या हाताला म्हणाला.

"आणि मी?"

"तुझी पाठ मी अजून..." तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. पलंगावरून खोकल्यासारखा एक आवाज आला. तो खोकला नव्हता. पण 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं, आणि गाडी वळवतानाचं 'या... या...' सोडलं तर ते पुन्हा 'तुम्ही'वर गेलं नाही.

*

आता त्या रेघेबद्दल सांगते.

बोळातलं मोठं घड्याळ लोलकाच्या हिसक्यानं हलू नये म्हणून क्लेमंट त्याच्या पेटीला खालून एक स्क्रू जेमतेम टेकवून लावत असे; हातानं फिरवलं तर फिरेल एवढाच. घर आणखी झुकलं की घड्याळ लंगडायला लागे, मग तो स्क्रू काढी, घड्याळ आपोआप ओळंब्यात येई, आणि तो पुन्हा स्क्रू लावी. दर वेळी पेटीच्या कडेनं कागदावर एक पेन्सिलीची रेघ ओढून ठेवी. वर्षानुवर्षांच्या त्या रेघा पंख्याच्या काड्यांसारख्या उलगडत गेल्या होत्या. शेवटच्या काडीच्या पलीकडे त्यानं एक रेघ लाल पेन्सिलीनं ओढली.

"हे बघ, बेरिल. घड्याळाची कड या लाल रेघेला लागली की गाडी अंगणात आणायची नाही. त्या दिवसापासून यायचंच नाही. शपथ घे."

"आणि तुम्ही दोघं?"

"आम्ही बघू."

"आम्ही काही बघणार नाही," मिसेस ब्लेंकिन आतून म्हणाल्या. "मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा समुद्र बघायला चालत जावं लागायचं. आता तो मला बघायला येतोय. कुणी पाहुणा येतो म्हणून घर सोडून पळतं का?"

मी शपथ घेतली. क्लेमंटचा शब्द मला पुरेसा होता, आणि घड्याळाचा त्याहून जास्त. मी दर खेपेला दारातून आत आले की आधी त्या रेघेकडं बघायची, मग क्लेमंटकडं. हे तो बघत होता, हे मला ठाऊक नव्हतं.

ऑक्टोबरात एक काडी वाढली. नोव्हेंबरात दोन. डिसेंबरातल्या वादळानंतर मी आले तेव्हा घड्याळाची कड आणि लाल रेघ यांच्यामध्ये नख शिरेल एवढीच जागा उरली होती. माझा चेहरा उतरला असणार. क्लेमंटनं माझा कोट घेतला आणि तो टांगायचा विसरून तसाच हातात धरून उभा राहिला.

"पुढच्या वेळी..." मी म्हणाले.

"पुढच्या वेळचं पुढच्या वेळी," तो म्हणाला.

पुढच्या वेळी मी गाडीत बसूनच मनाची तयारी केली होती. निरोप कसा घ्यायचा, रडायचं नाही, म्हातारीला पुस्तकं जास्तीची द्यायची. दार उघडलं... घड्याळ तिथंच होतं. रेघेच्या अलीकडं. टिक, टॉक, टिक, टॉक, अगदी सारख्या पावलांनी.

"थांबलंय घर," क्लेमंट म्हणाला. माझ्याकडं न बघता.

जानेवारीत तसंच. फेब्रुवारीत तसंच. मी इतकी खूश होते की मला शंकाच आली नाही. उलट वाटलं, समुद्रालाही कधीतरी लाज वाटत असेल.

"पोरी," एकदा मिसेस ब्लेंकिननी माझा हात ओढून मला खाली वाकवलं. क्लेमंट चहा करायला गेला होता. "त्या घड्याळाचं फार मनावर घेऊ नकोस. माझा चहा बघत जा. कपात चहा कुठल्या बाजूला चढतो ते बघ."

"तो तर नेहमीच एका बाजूला चढतो."

"आता माझ्या हातावर सांडतो."

मी हसले. म्हटलं, तुमचा हात कापतो. हो, कापतच होता. म्हणून मी ते तिथंच सोडून दिलं.

त्याच दिवशी गाडीपर्यंत सोडायला आलेला क्लेमंट दाराला धरून उभा राहिला. वारा इतका की शब्द उडून जात होते.

"बेरिल, मला तुला काहीतरी विचारायचंय."

"विचार."

"इथं नको."

"इथं काय झालंय? समुद्र ऐकेल म्हणून?"

"इथं सगळं वाकडं आहे," तो म्हणाला. "आई तयार झाली की आम्ही निघू. मग एखाद्या सरळ भिंतीपाशी उभा राहून विचारीन. ओळंब्यात."

"माझ्या खोलीची भिंत सरळ आहे," मी म्हणाले. "मी तपासलीय. दोऱ्याला किल्ली बांधून."

तो माझ्याकडं बघत राहिला. असं कुणी माझ्याकडं पुन्हा बघितलेलं नाही. मग गाडीच्या पाठीमागं जाऊन त्यानं हात वर केले. "या... या... अजून या..."

*

मार्चमध्ये, भर दुपारी, चक्क ऊन पडलेलं असताना अंगण गेलं.

मी रिव्हर्स घेत होते. आरशात, गाडीच्या एका बाजूला, क्लेमंट होता, हात हलवत. आणि एकदम तो आरशात वर वर जायला लागला. म्हणजे मी खाली जात होते. मागची चाकं बसली, गाडीचं नाक आभाळाकडं झालं, आणि पाठीमागं फळ्यांवरून सगळी पुस्तकं एकदम सुटल्याचा असा आवाज झाला की... मला अजून वाचनालयात कुणाच्या हातून पुस्तक पडलं तरी दचकायला होतं. मागची दारं उघडली. पुस्तकं गेली. मिसेस ब्लेंकिनसाठी वेगळ्या काढून ठेवलेल्या प्रेमाच्या गोष्टी सगळ्यांत आधी.

त्यानं माझ्या बाजूचं दार कसं उघडलं, मला कुठं धरून ओढलं, आठवत नाही. आम्ही दोघं गवतात पडलो होतो, आणि गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर, विचार करत असल्यासारखी थांबली होती. मग तिनं विचार पक्का केला.

मी जिवंत होते. मला वेड्यासारखं हसू येत होतं. क्लेमंटचा चेहरा मात्र पांढरा फटक.

"माझी चूक," तो म्हणाला. "माझी चूक..."

"तुझी कसली?" मी त्याच्या गालावरचा चिखल पुसला. त्याला धीर द्यायचा म्हणून म्हणाले, अगदी मनापासून म्हणाले, "घड्याळ रेघेच्या अलीकडंच होतं. मी आत जाऊन बघून आले होते."

त्यानं माझा हात गालावरून काढला. हळूच काढला. पण काढला.

*

त्याच संध्याकाळी सरकारी माणसं आली आणि दोघांना बाहेर काढलं. मिसेस ब्लेंकिनना हलच्या इस्पितळात ठेवलं. मी रोज जाऊ लागले. मला गाडी नव्हती, मार्सथॉर्पचा थांबाच नव्हता. मला शहरातल्या वाचनालयात टेबलामागं बसवलं होतं.

"या पलंगावरून मी घरंगळते," त्या तक्रार करीत.

"पलंग सपाट आहे, मिसेस ब्लेंकिन."

"तेच म्हणते. माणसानं अंग टेकायचं कुठल्या बाजूला?"

क्लेमंट यायचा तेव्हा मी असले तर खिडकीपाशी उभा राही. माझ्याशी बोलायचा, 'तू'च म्हणायचा. पण ते बोलणं पोस्टाच्या रांगेतलं असावं तसं. थंडी कमी झाली. बस वेळेवर येते. घड्याळं विकायला काढलीत, लोक घेऊन चाललेत. मी म्हणे, वाईट वाटतंय का? तो म्हणे, त्यांना चांगल्या भिंती मिळतील.

मला वाटलं, दुःखात आहे. वेळ देऊ या. आमच्याकडं सगळ्यात मोठा सभ्यपणा हाच, की माणसाला त्याच्या दुःखात एकटं सोडायचं. या सभ्यपणानं किती लोकांचा सत्यानाश केलाय, कोण जाणे.

मे महिन्यात मिसेस ब्लेंकिन गेल्या. शेवटी शेवटी मला म्हणाल्या, "तो मूर्ख आहे, पण त्यानं ते तुझ्यासाठी केलं." मी विचारलं, काय केलं? त्यांनी डोळे मिटले होते.

त्यांच्या दफनानंतर काही आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, माझ्या खोलीचं दार वाजलं. क्लेमंट उभा होता. दाढी केलेली, चांगला कोट, काखेत घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी गोल. खालच्या जिन्यापाशी त्याची बॅग मला दिसली.

"दुपारच्या बोटीनं जातोय," तो म्हणाला. तेव्हा आमच्या नदीवर पूल नव्हता, पलीकडं जायचं तर बोट. "चुलतभावाची शेती आहे तिकडं. हे तुझ्याकडं राहू दे. बाकीची गेली."

घोंगडीतून त्यानं बोळातलं मोठं घड्याळ काढलं.

मी खिळा ठोकला. मला वाटत होतं... काय सांगू, मला वाटत होतं की हीच ती भिंत. सरळ. दोऱ्यानं तपासलेली. बोटीचं तो काहीतरी बोलतोय, पण आता विचारील. मी घड्याळ टांगलं. ते ओळंब्यात लटकलं, अगदी नेटकं, चौकटीशी समांतर. लोलकाला त्यानं बोट लावलं.

टिक-टॉक... टिक-टॉक... टिक. थांबलं.

"प्रवासात काही झालं असेल," मी म्हणाले.

"नाही."

त्यानं दोन्ही हातांनी घड्याळ धरलं आणि हळूहळू फिरवायला लागला. डावीकडं. आणखी डावीकडं. लोलक हलवून कान लावला. आणखी. घड्याळ इतकं वाकडं झालं की बघवेना, आणि तेव्हा कुठं आवाज सारखा झाला. टिक, टॉक, टिक, टॉक. तो ते तसंच धरून उभा राहिला. माझ्याकडं पाठ करून.

"लोलकाला ढकलणारी एक पितळी दांडी असते आत," तो भिंतीला म्हणाला. "ती वाकवली की वाकडं घड्याळही नीट चालतं. डिसेंबरात वाकवली. मग जानेवारीत आणखी. फेब्रुवारीत आणखी."

मला मिसेस ब्लेंकिनचा चहा दिसत होता.

"एवढं झुकलं होतं घर," तो म्हणाला. "हे एवढं. लाल रेघेच्या किती पलीकडं. आणि मी तुला मागं हात करून बोलवत होतो, या... या..."

"का?"

"तू आत आलीस की आधी त्याच्याकडं बघायचीस. तुझा चेहरा... रेघ ओलांडली असती तर तू आली नसतीस."

"वेड्या माणसा," मी म्हणाले. "मी गाडी वर नाक्यावर ठेवून चालत आले असते."

घड्याळ त्याच्या हातांत जरा सरकलं. त्यानं ते पुन्हा कान लावून जागेवर आणलं.

"हे माझ्या डोक्यातच आलं नाही," तो म्हणाला.

आणि मला तेव्हाच कळलं की हे वाक्य त्याला त्या कड्यापेक्षा जास्त खोल घेऊन गेलंय. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, झालं ते झालं. म्हणाले, मी जिवंत आहे, बघ. म्हणाले, मला राग नाही. सगळं खरं होतं. पण ज्या माणसानं मला शिकवलं होतं की घड्याळाच्या तोंडी खोटं घालणाऱ्याच्या हाताला हात लावायचा नाही, तो आता स्वतःच्या हातांकडं बघत होता. माझ्या रागाचा प्रश्नच नव्हता.

त्यानं खालचा स्क्रू लावला. घड्याळ वाकडंच स्थिरावलं.

"सरळ करू का?" त्यानं विचारलं. "दांडी परत वाकवायची. एक मिनिटाचं काम आहे."

सरळ भिंतीपाशी उभं राहून तो मला काहीतरी विचारणार होता. त्यानं विचारलं ते हे.

मी 'हो' म्हटलं असतं तर तो आणखी एक मिनिट थांबला असता. कदाचित एका मिनिटात पुष्कळ काही होतं. पण त्या वाकडेपणात ते घर होतं, बोळ होता, आल्याचा केक होता, आणि तीन महिने एका माणसानं समुद्राला पाठीनं थोपवून धरलं होतं, मी यावी म्हणून. ते सरळ करून मी काय करणार होते?

"नको," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला.

दाराशी त्यानं माझा हात हातात घेतला, पहिल्यांदा धरला होता तसाच, न बघता. मग खाली जाऊन बॅग उचलली. मी धक्क्यावर गेले नाही. खिडकीतून बोटीची शिट्टी ऐकू आली, आणि मी माझ्या भिंतीकडं बघत बसले. सरळ होती. काही उपयोग नव्हता.

*

तो पलीकडंच राहिला. नाताळला कार्ड यायचं, हवापाण्याचं. मग एका वर्षी त्याचं कार्ड आलं नाही, आणि चुलतभावाचं आलं, काळ्या कडेचं.

घड्याळ अजून चालतं. दर रविवारी मी किल्ली देते. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी त्याची ओढ सारखीच असते. घरी कुणी नवं माणूस आलं की चहा घेता घेता त्याची नजर भिंतीवर जाते. थोडा वेळ ते सभ्यपणानं सहन करतं. मग मी दूध आणायला आत गेले की उठून, हळूच, माझ्यावर उपकार म्हणून ते सरळ करतं.

मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. लंगडतं, लंगडतं, थांबतं.

दूध घेऊन बाहेर येते, केक पुढं करते. पाहुणे गेले की दोन्ही हातांनी घड्याळ धरते आणि कान लावून हळूहळू फिरवते... आणखी थोडं... अजून या... अजून या...

बास.